तीन बाणांचे चित्र

किरणोत्सर्गाचा धडा शिकवणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला एक चित्र तोंडपाठ असते. डावीकडे एक ठिपका आणि त्यातून निघणारे तीन बाण. पहिला बाण कागदापाशी थांबतो; तो अल्फा. दुसरा कागदातून पार होऊन ॲल्युमिनियमच्या पत्र्यापाशी थांबतो, तो बीटा. तिसरा या दोन्हींतून आरपार जातो आणि शिशाच्या जाड ठोकळ्यात संपतो, तो गॅमा. पाठ्यपुस्तके, मार्गदर्शिका, भिंतीवरचे तक्ते, मुलांच्या उत्तरपत्रिका, सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच चित्र आढळते. पुस्तकातल्या मजकुराची चिकित्सा आपण करतो. चित्रांची सहसा करत नाही. या लेखात ती करण्याचा आमचा विचार आहे. कारण हे चित्र खोटे नसले, तरी ते पाहणारा बहुधा चुकीचा निष्कर्ष घेऊन उठतो आणि त्या निष्कर्षाची किंमत कधी कधी माणसांना मोजावी लागते.

विज्ञान शिक्षकांच्या एका शिबिरात आम्ही हे चित्र फळ्यावर काढून विचारले, "या तिघांपैकी सजीवांना सर्वांत घातक कोण?" बहुतेक हात गॅमासाठी वर झाले. "अल्फाला साधा कागद अडवतो, त्याची कसली भीती?" असे एका शिक्षकांनी सांगितले आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. चहाच्या सुट्टीत दुसरे एक शिक्षक आम्हाला बाजूला घेऊन गेले. त्यांच्या आईला कर्करोगावर 'शेक' देऊन झाले होते, म्हणजे यंत्रातून बाहेरून किरण दिले होते. आई घरी आल्यापासून शेजारच्या बायका आपली पोरे तिच्याजवळ फिरकू देत नव्हत्या आणि घरातही तान्ह्या नातवाला आजीच्या मांडीवर द्यावे की नाही, असा घोळ चालला होता. ते म्हणाले, "सर, शिशाशिवाय न अडणारे किरण आईच्या अंगात गेलेत. बाळाला काही होणार नाही ना?"

हे गृहस्थ विज्ञानाचे पदवीधर. हा धडा ते दरवर्षी शिकवतात. पण त्यांच्या घरातल्या प्रश्नाचे उत्तर त्या चित्रात नव्हते. ते का नव्हते, हे समजण्यासाठी चित्राचा उगम पाहावा लागेल.

चित्र कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे?

अर्नेस्ट रदरफोर्ड यांनी युरेनियममधून निघणाऱ्या किरणांवर ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे एकावर एक ठेवले आणि पलीकडे किती आयनीभवन होते ते मोजले. १८९९ साली प्रसिद्ध झालेल्या या कामात त्यांना किरणांचे दोन प्रकार आढळले. जे चटकन शोषले जातात त्यांना त्यांनी अल्फा म्हटले आणि जे अधिक खोल जातात त्यांना बीटा. १९०० साली पॅरिसमध्ये पॉल व्हिलार्ड यांना रेडियममधून त्याहूनही भेदक किरण निघताना दिसले. त्यांना गॅमा हे नाव पुढे १९०३ मध्ये रदरफोर्ड यांनीच दिले. म्हणजे अल्फा, बीटा, गॅमा हा नावांचा क्रमच मुळी भेदनशक्तीचा क्रम आहे. आपले चित्र हे या प्रयोगांचे सार आहे आणि 'कोणता किरण किती दूर जातो?' या प्रश्नाचे ते बहुतांशी बरोबर उत्तर देते.

आपण मात्र वर्गात त्याच चित्राला वेगळा प्रश्न विचारतो : 'कोणता किरण किती घातक?' रदरफोर्ड यांचे उपकरण पत्र्याच्या पलीकडे होते. पत्र्यात काय घडले हा त्यांचा तेव्हाचा प्रश्न नव्हता. सजीवाच्या बाबतीत शरीर हाच पत्रा असतो. पलीकडे काय पोचले यापेक्षा पत्र्यात किती ऊर्जा राहिली, यावर त्याचे बरेवाईट ठरते.

थांबणे म्हणजे काय?

किरण 'थांबला' म्हणजे त्याने आपली ऊर्जा त्या जागी देऊन टाकली. अल्फा कण हा हेलियमचे केंद्रक. जड आणि दोन धन प्रभारांचा. वाटेतल्या अणूंचे इलेक्ट्रॉन तो सपाट्याने ओढून काढत जातो. पोलोनियम-२१० मधून निघालेला एक अल्फा कण हवेत सुमारे ४ सेंटिमीटर जातो आणि तेवढ्यात दीड लाखांच्या आसपास आयनजोड्या तयार करतो. शरीराच्या ऊतीत त्याचा प्रवास मिलिमीटरच्या विसाव्या भागाहूनही कमी, म्हणजे तीन-चार पेशींपुरता असतो. बीटा कण, म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉन, ऊतीत काही मिलिमीटरपर्यंत जातात आणि आपली ऊर्जा विखरून देतात. गॅमा किरण अधूनमधून एखाद्या इलेक्ट्रॉनला धक्का देतात. त्यांतले बरेचसे शरीरातून काहीच न करता निघून जातात.

पावसाचे उदाहरण घेऊ. पाणी तेवढेच, पण एकदा ते तालुकाभर रिमझिम पडले आणि एकदा एकाच शेतावर ढगफुटी होऊन कोसळले. पहिल्या पावसाने जमीन ओली होते, दुसऱ्याने बांध फुटतात. पेशीतल्या डीएनएच्या दोन धाग्यांपैकी एक तुटला, तर दुसऱ्याच्या आधाराने पेशी तो बहुधा सांधते. अल्फा कणाच्या वाटेवर दोन्ही धागे जवळजवळ तुटण्याची शक्यता फार मोठी असते आणि अशी दुरुस्ती बिघडते. पेशी मरते, किंवा त्याहून वाईट म्हणजे चुकीची दुरुस्ती करून जगते. म्हणूनच किरणसुरक्षेच्या गणितात ऊतीला मिळालेली ऊर्जा सारखी असली, तरी बीटा आणि गॅमासाठी तिला १ ने आणि अल्फासाठी २० ने गुणतात. चित्रातला सर्वांत आखूड बाण हा असा आहे.

त्याचा आखूडपणा आपल्याला वाचवतो तो एकाच अटीवर : उगम शरीराबाहेर हवा. त्वचेचा वरचा मृत थर अल्फाला पुरेसा असतो. पण फुप्फुसाच्या, आतड्याच्या किंवा हाडाच्या आतल्या बाजूला असा मृत थर नाही.

आत गेलेला ठिपका

ही अट मोडली की काय होते, हे अमेरिकेतल्या घड्याळांच्या तबकड्या रंगवणाऱ्या मुलींनी दाखवून दिले. अंधारात चमकणारा रेडियमचा रंग आकड्यांवर लावताना कुंचल्याचे टोक बारीक राहावे म्हणून त्या ते ओठांत धरून वळवत. न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावी १९१७ पासून हे काम चालू होते. रेडियम रासायनिक दृष्ट्या कॅल्शियमचा भाऊबंद. पोटात गेलेला त्याचा अंश हाडांत जाऊन बसला आणि तेथून वर्षानुवर्षे अल्फा कण सोडत राहिला. दात पडले, जबड्याची हाडे सडली, पुढे हाडांचे कर्करोग झाले. डॉ. हॅरिसन मार्टलँड यांनी १९२५ साली या आजारामागे रेडियम असल्याचे वैद्यकीय पुराव्यानिशी मांडले. रेडियम-२२६ चा अर्धायुकाल सुमारे १,६०० वर्षे आहे, म्हणजे त्या हाडांतला किरणोत्सर्ग अजूनही फारसा उणावलेला नाही.

दुसरे उदाहरण अगदी अलीकडचे. नोव्हेंबर २००६ मध्ये लंडनमध्ये अलेक्झांडर लिटविनेंको यांना एका हॉटेलात चहातून पोलोनियम-२१० देण्यात आले, असा निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चौकशी अहवालाने काढला. तीन आठवड्यांत त्यांचा मृत्यू झाला. पोलोनियम-२१० मधून गॅमा किरण जवळजवळ निघतच नाहीत. त्यामुळे रुग्णालयातल्या नेहमीच्या तपासणीत किरणोत्सर्ग सापडला नाही. खरे कारण कळले ते मृत्यू अगदी तोंडावर आल्यावर. कागदाने अडणारा किरण म्हणून ज्याची आपण वर्गात बोळवण करतो, तोच शरीराच्या आत दडून राहिला आणि बाहेरच्या उपकरणांना दिसला नाही.

बीटाचेही असेच. चेर्नोबिलच्या अणुभट्टीत २६ एप्रिल १९८६ रोजी स्फोट झाला. तीव्र किरणबाधा झालेल्या १३४ जणांपैकी २८ जण त्याच वर्षी दगावले. त्यांतल्या अनेकांच्या मृत्यूला गॅमा किरणांनी निकामी झालेल्या अस्थिमज्जेइतकेच कपड्यांवर आणि कातडीवर बसलेल्या धुळीतल्या बीटा कणांचे भाजणेही कारण होते. गावोगावच्या मुलांना वेगळाच मार्ग भोवला. आयोडीन-१३१ गवतावर पडले, गवतातून गाईच्या दुधात आणि दुधातून मुलांच्या थायरॉइड ग्रंथीत गेले. आयोडीन ही या ग्रंथीची गरज. किरणोत्सारी कोणते आणि साधे कोणते हे तिला कळत नाही. बेलारूस, युक्रेन आणि रशियाचा बाधित भाग मिळून, दुर्घटनेच्या वेळी १८ वर्षांखालील असलेल्यांमध्ये २००५ पर्यंत थायरॉइड कर्करोगाचे ६,००० हून अधिक रुग्ण आढळले. त्यांतला मोठा भाग या दुधामुळे झाला असावा, असे संयुक्त राष्ट्रांच्या वैज्ञानिक समितीचे मत आहे. आयोडीन-१३१ चा अर्धायुकाल ८ दिवसांचा. काही आठवडे ताजे दूध मुलांना दिले नसते, तर यातले पुष्कळ टळले असते. तीन बाणांच्या चित्रात गाय कुठेच नाही.

शिशाचा ठोकळा आणि चौथा बाण

चित्राच्या उजव्या टोकालाही थोडी दुरुस्ती हवी. शिशात गॅमाचा बाण एकदम संपतो असे दाखवतात. प्रत्यक्षात तो टप्प्याटप्प्याने निम्मा होत जातो. कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांना सुमारे १२ मिलिमीटर शिसे निम्मे करते. आणखी १२ मिलिमीटरने ते पाव होतात, असे चार थर लावले की सोळावा भाग उरतो. शिसे गॅमाला थांबवते यापेक्षा हवे तितके कमी करते, असे म्हणणे बरोबर.

शिवाय या चित्रामुळे 'शिसे सर्वांत भारी, ते सगळ्यांवर चालेल' असे मुलांना वाटते. आमच्या प्रयोगशाळेत फॉस्फरस-३२ वापरताना आम्ही समोर सेंटिमीटरभर जाडीचा पारदर्शक ॲक्रिलिकचा पडदा धरतो. वेगवान बीटा कण शिशासारख्या जड मूलद्रव्यात एकदम मंदावले, तर त्यातून क्ष-किरण निर्माण होतात. हलक्या पदार्थात ही भानगड फारच कमी होते. नवीन आलेले विद्यार्थी हटकून शिशाची वीट मागतात. ती त्यांना या चित्रानेच शिकवलेली असते.

आणि चौथा बाण चित्रात नसतोच : न्यूट्रॉन. शिसे त्याला फारसे रोखत नाही. पाणी, मेण, काँक्रीट असे हायड्रोजनयुक्त पदार्थ त्याला मंद करतात. आपले शरीरही पाण्याचेच, म्हणून न्यूट्रॉन आपली ऊर्जा शरीरात सहज टाकतो. जपानमधल्या तोकाइमुरा येथे ३० सप्टेंबर १९९९ रोजी युरेनियमचे द्रावण प्रमाणाबाहेर एकाच टाकीत ओतल्याने साखळी अभिक्रिया सुरू झाली आणि तिथल्या तीन कामगारांपैकी दोघे पुढे मरण पावले. त्यांच्या रक्तातल्या साध्या सोडियमचे न्यूट्रॉनांमुळे किरणोत्सारी सोडियम-२४ झाले होते. साध्या पदार्थाला किरणोत्सारी करण्याची ही करामत व्यवहारात न्यूट्रॉनचीच. अल्फा, बीटा आणि गॅमाच्या नेहमीच्या उगमांकडून ती होत नाही. हा फरक पुढच्या मुद्द्यासाठी महत्त्वाचा आहे.

उजेड आणि काजळी

मराठीत आपण 'किरणोत्सर्ग झाला' असे दोन अगदी वेगळ्या गोष्टींना म्हणतो. अंगावर किरण पडले तरी किरणोत्सर्ग झाला आणि अंगाला किरणोत्सारी धूळ लागली तरी किरणोत्सर्ग झाला. कंदिलासमोर बसल्यावर अंगावर उजेड पडतो. कंदील विझवला किंवा आपण उठून गेलो की तो संपतो. उजेडात बसलेला माणूस दुसऱ्याला उजेड 'लावू' शकत नाही. कंदिलाची काजळी मात्र हाताला लागते, हातावरून कपड्याला, कपड्यावरून दुसऱ्याला. तीन बाणांच्या चित्रात फक्त उजेड आहे. काजळीचा पत्ता नाही.

दोन अपघात शेजारी ठेवले की हे स्पष्ट होते. ब्राझीलमधल्या गोयानिया शहरात सप्टेंबर १९८७ मध्ये एका सोडून दिलेल्या दवाखान्यातल्या किरणोपचार यंत्राचा भाग भंगारात गेला. त्यात सीझियम-१३७ चे क्लोराइड होते, पाण्यात विरघळणारी आणि अंधारात निळसर चमकणारी भुकटी. लोकांनी ती कौतुकाने घरी नेली, अंगाला लावली. एका सहा वर्षांच्या मुलीने भुकटीच्या हातांनीच जेवण केले. चार जण दगावले, २४९ जणांच्या अंगाला किंवा शरीरात सीझियम आढळले आणि सुमारे १,१२,००० लोकांची तपासणी करावी लागली. दिल्लीतल्या मायापुरीच्या भंगार बाजारात २०१० साली कोबाल्ट-६० असलेले जुने उपकरण आले. ते तोडताना कामगारांना किरण लागले आणि एकाचा मृत्यू झाला. कोबाल्ट धातूच्या रूपात असल्याने तुकडे शोधून उचलता आले. शहरभर भुकटी पसरली नाही. सीझियम आणि कोबाल्ट दोन्ही बीटा आणि गॅमा देणारे. तीन बाणांच्या चित्रात त्यांच्यात काहीच फरक दिसणार नाही.

गोयानियातली त्या मुलीची शवपेटी शिशाचे अस्तर लावलेली होती. तरी दफनाच्या वेळी जमावाने दगडफेक केली. गावच्या लोकांना बाहेर हॉटेलात जागा मिळेनाशी झाली. भीती अगदीच बिनबुडाची नव्हती, कारण तिथे काजळी खरोखर होती. पण काजळी कुणाला लागली आहे आणि कुणाला नाही हे लोकांना ओळखता येत नव्हते, म्हणून दगड सगळ्यांवर पडले.

आणि 'किती?'

चित्रात नसलेली शेवटची गोष्ट म्हणजे मात्रा. सुमारे ४ ग्रे इतकी मात्रा थोड्या वेळात सगळ्या शरीराला मिळाली आणि उपचार झाले नाहीत, तर निम्म्या माणसांचा मृत्यू ओढवतो. ४ ग्रे म्हणजे दर किलोग्रॅमला ४ ज्यूल. यामुळे शरीराचे तापमान अंशाच्या हजाराव्या भागानेच वाढेल. चमचाभर गरम चहातूनही सत्तर किलोच्या माणसाला याहून जास्त उष्णता मिळते. तेव्हा मारते ती उष्णता नव्हे. ऊर्जा नेमकी डीएनएसारख्या रेणूंवर तुकड्यातुकड्यांनी पडते, म्हणून ती मारते. सतत विभागणाऱ्या पेशी, म्हणजे अस्थिमज्जा, आतड्याचे अस्तर, केसांची मुळे, सर्वांत आधी बळी पडतात. दुसऱ्या टोकाला, सत्तर किलोच्या माणसाच्या शरीरातल्या पोटॅशियम-४० मध्ये दर सेकंदाला ४,००० हून अधिक विघटने एरवीही होतच असतात. 'किरणोत्सर्ग आहे का?' या प्रश्नाचे उत्तर नेहमीच 'आहे' असे येते. विचारायचे ते 'किती?'

मग चित्राचे काय करावे?

चित्र काढून टाका असे आमचे म्हणणे नाही. त्याच्या खाली आणखी दोन चित्रे काढा. पहिल्यात माणसाची आकृती आणि किरणांचा ठिपका तिच्या बाहेर : येथे घातकतेचा क्रम गॅमा, बीटा, अल्फा. दुसऱ्यात तोच ठिपका आकृतीच्या पोटात : येथे क्रम सर्वसाधारणपणे उलटा. मग मुलांना दरवेळी चार प्रश्न विचारायची सवय लावा : किरण कोणता? उगम बाहेर की आत? नुसता उजेड की काजळी? आणि किती? लासलगावला २००२ साली सुरू झालेल्या केंद्रात कोबाल्ट-६० चे किरण दिलेला कांदा खावा का, असे एखादा मुलगा विचारील. या प्रश्नांच्या आधारे त्याला स्वतःलाच उत्तर काढता येईल : गॅमा, बाहेरून, नुसता उजेड, कांद्यात काहीच उरले नाही.

त्या शिक्षकांनाही आम्ही हेच प्रश्न विचारले. किरण बाहेरून, यंत्रातून दिले होते. यंत्र बंद झाले त्या क्षणी उजेड संपला. आईच्या अंगात काही उरले नाही. उपचाराने तिची कातडी काळवंडली असेल, ती थकली असेल, पण तिच्यापासून बाळाला किरणांचा काहीही धोका नाही. तिच्याऐवजी थायरॉइडच्या कर्करोगासाठी आयोडीन-१३१ पाजलेला रुग्ण असता, तर आम्ही वेगळे सांगितले असते. तिथे ठिपका काही दिवस शरीरातच असतो, घामातून, लाळेतून, लघवीतून बाहेर पडतो, आणि डॉक्टर सांगतील तितके दिवस लहान मुलांना दूर ठेवणे हेच शहाणपणाचे असते. दोन्ही रुग्णांना गावात 'किरण दिलेले' असेच म्हणतात. एकीला बाळ मांडीवर घेता येते; दुसऱ्याला थोडे थांबावे लागते.

ते शिक्षक शिबिर संपायची वाट न पाहता फोन करायला गेले. त्यांच्या शेजारणींना हे कोण सांगणार, हा प्रश्न उरतोच. त्या सगळ्या कधी ना कधी शाळेत होत्या, आणि त्यांतल्या काहींनी तरी हे तीन बाणांचे चित्र वहीत काढलेले असेल.